आधी कान, शेवटी डोळे: रोजच्या पुण्यात इंद्रियं जागी ठेवण्याचा सराव

ज्यांनी असा सराव कधीच केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शिबिर, ॲप, चटई, उदबत्ती यांतलं काहीच लागत नाही. स्वयंपाक, आंघोळ, बसची वाट, जिना चढणं ही कामं आपण करतोच, आणि सरावाला तेवढी पुरतात. त्यातली दोन मिनिटं आणि एक लहानशी वही असली की भागतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू एकमेकांकडे किती वेळा चेंडू टाकतात, ते मोजायचं होतं. मध्येच गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती त्या खेळाडूंमध्ये आली, छाती बडवली आणि निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता, मन मोजण्यात गुंतलं होतं.

यातून मी माझ्यापुरता एक अर्थ घेतला: लक्ष प्रश्नाच्या मागे जातं. शाळेपासून आपल्याला ‘लक्ष दे, लक्ष दे’ म्हणून बजावलं गेलं, पण नुसत्या बजावण्यानं ते कधी लागलं नाही. लहानसा, नेमका प्रश्न विचारला तर मात्र आपसूक लागतं. हा आवाज कुठून येतोय? हा वास आत्ता आला, की मघापासून होता? म्हणून पुढे प्रत्येक इंद्रियाबरोबर एखाद-दुसरा प्रश्न देते आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, प्रश्न तेवढे लक्षात ठेवा.

पहिली पायरी: काम ठरवा

रोज न चुकता होणारं एक काम निवडा. चहा करणं, दात घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, स्टॉपवर बसची वाट बघणं, काहीही चालेल. नवी वेळ काढू नका. ‘पहाटे पाच वाजता उठून करेन’ म्हणणाऱ्यांचा सराव चार दिवसांत बारगळतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय. कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत किंवा पिशवीच्या तळाशी ठेवा.

एका आठवड्याला एकच इंद्रिय घ्या. पाचही एकदम जागी करायला गेलं की हाती काही लागत नाही.

आणि एक सक्त सूचना. दुचाकी चालवताना हे करायचं नाही. आपल्या रस्त्यांवर सगळं लक्ष रहदारीलाच लागतं. रस्ता ओलांडताना किंवा चालत्या बसमध्ये उभं असताना डोळे मिटायचे नाहीत.

दुसरी पायरी: कान

बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात. मी कानांपासून करायला सांगते, कारण डोळे फार दांडगे असतात. ते उघडे असले की बाकीच्यांना बोलू देत नाहीत. शिवाय ऐकण्यासाठी कुठे वळून बघावं लागत नाही, आवाज आपणहून येतात.

सकाळी गॅलरीत किंवा खिडकीपाशी उभे राहा. पहिला प्रश्न: सगळ्यात लांबचा आवाज कोणता? जवळचे आवाज कान आधी पकडतातच. कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा मिक्सर, जिन्यातल्या चपला. ते ऐकून सोडून द्या आणि त्यांच्या पलीकडे जा. घोरपडी, खडकी, शिवाजीनगर या बाजूला राहत असाल तर रेल्वेचा भोंगा सापडेल. फेब्रुवारी-मार्चपासून कुठल्यातरी झाडावरून तांबट पक्ष्याचं एकसुरी ‘टुक टुक टुक’ सुरू होतं. उजाडताना दयाळ गातो, आणि त्याच्या शिळेत दर वेळी काहीतरी बदललेलं असतं.

दुसरा प्रश्न: हा आवाज कुठल्या बाजूनं येतोय? डोळे मिटून बोटानं दिशा दाखवा, मग उघडून ताडून बघा. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा जरा आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून बाजू ओळखतो. हे सगळं दिवसभर आपल्या नकळत चालू असतं. बोटानं दाखवायला लागलं की ते चालू असल्याचं पहिल्यांदा जाणवतं.

थोडा सराव झाला की एकदा कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथे तांब्याची भांडी अजून हातानं ठोकली जातात. ठोके मारून भांड्यावर एकसारख्या खुणा उठवण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. काम करणाऱ्यांच्या वाटेत येऊ नका, विचारून बाजूला उभे राहा. हातोडीकडे न बघता ओळखा: ठोका तळावर पडतोय की कडेवर? सुरुवातीला नुसता ठणठणाट वाटतो. थोड्या वेळानं तळाचा भरीव आवाज आणि कडेचा पातळ, लांबणारा आवाज वेगळे होतात. दोन कारागीर शेजारी बसले असतील तर दोघांच्या लयीही वेगळ्या होतात.

पुण्यात राहून तानपुरा मन लावून ऐकला नाही तर फार मोठी गोष्ट हुकेल, असं मला मनापासून वाटतं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरमध्ये असतोच. पण वर्षभर लहान मैफलीही होत असतात. अशा ठिकाणी वेळेआधी जाऊन बसा. कलाकार तानपुरा जुळवत असतात आणि त्या वेळी बाकीचे गप्पांत असतात. शेवटची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार छेडली की तिच्या षड्जाच्या (‘सा’च्या) वर, बारीक आणि तरंगणारा गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येतो का, हा प्रश्न. गंधाराला लावलेली तार तानपुऱ्यात नसते. पण तार कंप पावताना मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही उठतात, आणि त्यातलं पाचपटीचं कंपन गंधाराचं असतं. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नीट बसला, म्हणजे जवारी चांगली खुलली, की तो अधिक स्पष्ट होतो. पहिल्या वेळी ऐकू येणार नाही कदाचित. शेजारी गाणारं कुणी असेल तर हळूच गंधार गुणगुणून दाखवायला सांगा. तो स्वर एकदा मनात धरला की तानपुऱ्यातूनही वर येतो. आवाज तोच, कानही तेच, फक्त काय शोधायचं ते कळलेलं असतं.

कान जपायचेही आहेत. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आपल्या कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. गणपतीत ढोल-ताशाच्या पथकाच्या अगदी पुढ्यात उभं राहण्यात ती कितीतरी पटीनं ओलांडली जाते. ढोल जरूर ऐका, पण चौक सोडून थोडं लांबून, आणि कानात बोळे घालून. लांबून ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, आणि ढोलाचा ठेका निराळे काढता येतात. पुढ्यात सगळं छातीत जातं.

तिसरी पायरी: नाक

नाकाची एक खोड आधी माहीत हवी. तोच वास काही मिनिटं येत राहिला की नाक तो कळवायचं थांबवतं. म्हणूनच आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. गावाहून परत आलात की दार उघडताच पहिल्या अर्ध्या मिनिटात तो घेऊन टाका. प्रश्न: आपल्या घराला कशाचा वास आहे? पाहुण्यांना रोज येणारा वास तुम्हाला तेवढ्यापुरताच मिळतो.

एरवी वास घेताना लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे हुंगे घ्या, मान वळवा, पुन्हा घ्या.

वहीत ‘छान’ आणि ‘घाण’ हे दोन शब्द लिहायला बंदी. खमंग, करपट, कुबट, आंबूस, उग्र, ओलसर, तेलकट, मातकट, गोडसर, असं काहीतरी लिहा. शब्द सुचला नाही तर ‘आजीच्या ट्रंकेतल्या साडीसारखा’ असं लिहा. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी फार लवकर पोचते, त्यामुळे अशा आठवणी आपोआप येतात. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. त्यांची जनुकं शोधल्याबद्दल रिचर्ड ॲक्सल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. ४०० प्रकार आणि वर्णनाला दोनच शब्द, हे बरोबर नाही.

सरावाची सगळ्यात चांगली जागा म्हणजे फोडणी. कढल्यात तेल तापवा आणि तोंड जरा मागे ठेवा. मोहरी टाकली की आधी एखाद-दुसरी तडतडते, मग एकदम गर्दी होते, मग आवाज विरळ होत जातो. तो विरळ झाला की जिरं घाला. जिरं उडत नाही, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे येतात आणि वास तेवढा भाजका होतो. मग हिंग. डबीतल्या हिंगाचा वास नाकाला झोंबतो, पण तेलात पडल्याबरोबर त्याचा कच्चेपणा जाऊन तो कांदा-लसणाच्या वळणाला जातो. कढीपत्त्याच्या पानांतल्या पाण्यानं चर्र आवाज होतो आणि हिरवा वास उसळून बाकीच्यांवर येतो. शेवटी हळद, आणि लगेच गॅस बंद, नाहीतर ती करपते. दीड मिनिटात एवढं सगळं होऊन जातं. प्रश्न: कुठल्या वासानं आधीचा वास झाकला? एका दिवशी फक्त हिंगाचा मागोवा घ्या, दुसऱ्या दिवशी फक्त जिऱ्याचा.

बाहेर जायचं तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात सकाळी जा. शेवंतीचा हिरवट, कडवट वास झेंडूपासून वेगळा करता येतो का बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तपर्णी फुलते. तिचा वास इतका दाट असतो की काहींचं डोकं दुखतं. त्याच दिवसांत रात्री बूच फुलतो. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, त्यातलं लांब देठाचं एक फूल उचलून बघा. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातला मोठा भाग जिओस्मिन या द्रव्याचा. मातीतले जिवाणू ते बनवतात आणि माणसाचं नाक ते अगदी अल्प प्रमाणातही पकडतं. जून कोरडा गेला तर कुंडीला पाणी घालताना मिळेल.

आजारपणानंतर वास कमी झालेल्यांसाठी डॉक्टर एक सराव सांगतात. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली तो अभ्यासला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायचे. निरोगी माणसालाही तो करायला हरकत नाही, सामान घरातच असतं. वास अचानक गेला असेल तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी.

चौथी पायरी: जीभ

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा वास असतो. साखरेबरोबर वेलदोड्याचे दाणे कुटा, नाक घट्ट धरा आणि चिमूटभर तोंडात टाका. नुसतं गोड लागेल. आता नाक सोडा. वेलदोडा घशामागून वर येतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

तिखटाचं आणखी वेगळं. आयुर्वेदात सहा रस मानले आहेत आणि त्यात तिखटही येतं. आजचं शरीरशास्त्र जिभेच्या मूळ चवी पाच धरतं: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं, म्हणून मिसळ खाताना ‘भाजलं’ असं वाटतं. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पुढच्या वेळी मिसळीच्या पहिल्या घासाला विचारा: जाळ आधी कुठे लागला, टोकाला, कडेला की घशात? आणि त्या जाळाखाली मटकी लागते का? जास्तच झालं तर पाण्यानं फारसा फरक पडत नाही, दही किंवा दूध घ्या.

अमृततुल्यच्या चहाला माझा प्रश्न ठरलेला आहे: आलं आधी की वेलदोडा? थंडीत आवळा मिळतो तेव्हा एक फोड चावून वर पाणी प्या, आणि ते गोड नेमकं कुठल्या घोटाला लागतं ते पकडा.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात एकच मनुका काही मिनिटं घालवून खायला देतात. मनुकाच हवी असं नाही, भाजलेला शेंगदाणा घ्या. सालाचा खरखरीतपणा, फुटण्याचा आवाज, आधी कोरडा भुगा, मग तेल. सगळं जेवण असं जेवायची गरज नाही. पहिले तीन घास पुरेत, आणि उरलेलं जेवण गप्पा मारत होऊ द्या.

पाचवी पायरी: त्वचा आणि पाय

इथे फार लिहायला लागत नाही, करून बघायला लागतं. घरातल्या कुणाला तरी दोन काड्या एकदम टेकवायला सांगा, एकदा तुमच्या बोटाच्या टोकावर आणि एकदा पाठीवर. बोटावर दोन-तीन मिलिमीटर अंतरही कळतं. पाठीवर काड्या चारेक सेंटिमीटर लांब नेल्याशिवाय त्या दोन आहेत हेच समजत नाही.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला दुपारी जा. हे लेणं अखंड बेसॉल्टमध्ये कोरलेलं आहे. दख्खनचा हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बाहेर गोल नंदीमंडपापाशी फरशी तापलेली असते, आत शिरल्यावर अनवाणी पायांना गारवा लागतो. नेमका कुठल्या पावलाला लागला? पर्वती उतरताना: पाऊल टाचेवर पडतंय की चवड्यावर? आंघोळीच्या पहिल्या तांब्याला: पाणी गरम आधी खांद्याला लागलं की पाठीला? एवढ्यावर आठवडा निघतो.

सहावी पायरी: डोळे

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते जवळपास एवढंच. बाकीचं चित्र डोळे भराभर फिरवून मेंदू जुळवतो. म्हणून ‘बघितलं’ असं वाटलेल्या गोष्टीतलं पुष्कळ आपण बघितलेलं नसतं.

राजा केळकर संग्रहालयात हा सराव उत्तम होतो. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं उभं केलेलं हे संग्रहालय एका दिवसात ‘संपवायला’ लोक धावतात. तुम्ही एकच अडकित्ता निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. हाताची पकड कुठे झिजली आहे? पातं कुठून फिरतं? अडकित्ता मोराच्या आकाराचा असेल तर त्याची चोच नुसती शोभेची, की बिजागरीचा भाग? तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो. तो येऊ द्या, जागा सोडू नका. माझ्या अनुभवात दिसायला त्याच्यानंतरच लागतं.

घरी करायचं तर लाल जास्वंद घ्या. सूर्य मावळल्यावर तिच्यासमोर बसा आणि दिवा लावू नका. दिवसा पानांहून उठून दिसणारं लाल फूल अंधार पडू लागला की आधी काळवंडतं आणि पानं त्याच्याहून उजळ दिसू लागतात. कमी प्रकाशात डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांना लाल जवळपास दिसत नाही. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं होतं. प्रश्न: बदल नेमका कधी झाला? मग गच्चीवर जा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा पाहिला की बराचसा सराव वाया जातो.

अडलं तर

मन भरकटणारच. भरकटलं की स्वतःवर रागावू नका, प्रश्न बदला. ‘कुठून येतोय’ चालत नसेल तर ‘कधी थांबला’ विचारा.

काही जणांना श्वासाकडे किंवा शरीराच्या आत लक्ष नेलं की धडधड वाढते, अस्वस्थ वाटतं. तसं झालं तर लगेच थांबा, डोळे उघडा आणि बाहेरच्या गोष्टींवर या: दिसणाऱ्या पाच, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. घाबरल्यासारखं झालं असतानाही हा उतरता क्रम उपयोगी पडतो. पण अस्वस्थता किंवा निद्रानाश रोजचाच असेल तर सरावावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

वहीत रोज एकच ओळ, तारीख आणि वेळेसह. ‘६.४०, दयाळ, डावीकडून, तीन वेळा, मग बसचा ब्रेक.’ एवढीच. भावना, निष्कर्ष नकोत. सगळी इंद्रियं झाली की पुन्हा कानांवर या, त्याच खिडकीत, त्याच वेळी. एव्हाना ऋतू बदललेला असेल. नवी ओळ आधी लिहा आणि मगच जुनं पान उलटा. आधी वाचलंत तर जुनेच आवाज शोधत बसाल.